अक्काला गाडी बदलून द्यायची होती

आमच्या ह्यांना स्टेशनात सगळे ‘उंदीर’ म्हणायचे. माणसाला उंदीर म्हटलेलं कुणाला आवडेल? यांना आवडायचं. घरी येऊन कौतुकाने सांगायचे, “आज मोठा साहेबसुद्धा म्हणाला, उंदराला विचारा.” मी म्हणायची, “विचारा म्हणावं, आणि येताना सापळा घेऊन या.” यावर हे हसायचे आणि वाढलेलं मुकाट्याने जेवायचे.

या परक्या देशात आलो तेव्हा मिळालेली पहिली नोकरी हीच आणि शेवटचीही हीच. ज्यांना चालवत नाही अशा प्रवाशांना चाकांच्या खुर्चीत बसवायचं, दारापासून गाडीपर्यंत न्यायचं, डब्यात जागेवर बसवून द्यायचं, पांघरूण नीट करायचं, आणि पुढच्या माणसाकडे जायचं. म्हातारी माणसं, पाय मोडलेली माणसं, दिवस भरत आलेल्या बायका. स्टेशन केवढं, तर दोन मजले नुसते फलाटांचे, त्याखाली एक आख्खा बाजार, आणि बाजाराच्या पोटात आणखी एक रेल्वे. तिथे पहिल्यांदा आलेलं माणूस एकदा तरी रडतं म्हणतात. मी रडले होते. एका खांबाला पाठ लावून, हातातलं बोचकं छातीशी धरून, चांगली हुंदके देऊन रडले होते, आणि हे मला शोधत आले तेव्हा वर मलाच ओरडले होते.

पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. खुर्ची ढकलणारी माणसं लोकांच्या वाटेने जातच नाहीत. गर्दीत खुर्ची चालत नाही, आणि सरकत्या जिन्यावर तर नेताच येत नाही. त्यांची वाट भिंतींच्या मागून. तिथे रुंद बोळ असतात, सामानाच्या लिफ्ट असतात, भटारखान्याची मागची बाजू, चादरी धुण्याची जागा, कचऱ्याची खोली. गळ्यातलं कार्ड दाराला टेकवलं की दार उघडतं, आणि माणूस थेट फलाटाच्या टोकाला निघतो. फलाटांना आकडे होते, पण कामगारांनी आपली नावं ठेवली होती. ज्याच्याखाली पाव भाजायचे तो पावाचा, चादरींच्या वाफेचा तो धुण्याचा, आणि एक होता वाऱ्याचा. “आज दिवसभर वाऱ्याच्या फलाटावर होतो, कान गेले,” असं हे म्हणाले की मी मुकाट्याने तेल कोमट करायला ठेवायची. हे नाकाने चालायचे. भिंतीवरच्या पाट्या यांनी कधी वाचल्या असतील असं मला वाटत नाही. गरजच काय होती?

एकदा मी विचारलं होतं, तुमच्या स्टेशनातल्या बाजारात रुमाल कुठे चांगले मिळतात. तर म्हणाले, “मला काय माहीत? तिकडे कोण जातं?” मी तेव्हा खूप हसले. घरात मीठ कुठे आहे ते ज्यांना सांगता येत नाही त्यांना तिथल्या बाजाराचं काय सांगता येणार, असं मनात म्हटलं आणि विसरून गेले.

मग पाठ गेली. खुर्ची ढकलणाऱ्याची पाठच जाते. साहेबांनी एक समारंभ केला, केक कापला, घड्याळ दिलं. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, आणि वेळ बघायचं कारण संपलं तेव्हा घड्याळ मिळालं. कार्ड मात्र काढून घेतलं. घरी बसल्यावर या माणसाचं जे झालं ते मला बघवायचं नाही. रिकाम्या हातांनी चालताच यायचं नाही. हात पुढे धरून, एका बाजूला झुकून चालायचे. दुकानात गेलो की ढकलगाडी सोडायचे नाहीत, दोन कांदे घ्यायचे असले तरी. पण तोंड तेवढंच मोठं. बातम्यांत स्टेशन दिसलं की म्हणायचे, “डोळे बांधा आणि सोडा मला.”

अशात भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे अक्काचा मुलगा.

अक्का ही यांची थोरली बहीण. यांची आई गेली तेव्हा हे रांगत होते आणि अक्का स्वतः परकरात होती. तिने यांना कडेवर वाढवलं. शाळा सोडली ती यांना शाळेत जाता यावं म्हणून, आणि लग्न उशिरा केलं तेही यांच्यापायीच. आमच्या लग्नात सासूचा मान तिला होता आणि तिने तो एकदाही गाजवला नाही. यजमान गेल्यावर भाच्याने तिला इकडे आपल्या शहरात आणलं. वर्षभरात तिथे कुरबुरी सुरू झाल्या. मी कुणाला नावं ठेवत नाही, घरोघरी मातीच्याच चुली. ठरलं असं, की आता अक्काने लेकीकडे राहायचं. लेकीचं शहर पार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये गाडी बदलायची ती नेमकी आमच्या स्टेशनात.

तिला आमच्याकडे दोन दिवस उतरवून घ्यावं असं मला फार होतं. पण आम्ही वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अक्काचे गुडघे म्हणजे बोलायची सोय नाही. मग भेट ती तेवढीच, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाईपर्यंतची. कितीतरी वर्षांत बहीणभाऊ समोरासमोर आले नव्हते.

भाचा म्हणाला, “मामा, काळजी नको. गाडी बदलायला खुर्ची सांगून ठेवलीय. त्यांचा माणूस येईल, नेऊन बसवेल. तुम्ही दोघं फक्त भेटायला या.”

झालं! यांचा पारा चढला. “माझ्या बहिणीला माझ्याच स्टेशनात परक्याच्या हवाली करतोस? रद्द कर ते.”

“अरे मामा, असू दे ना. असलेलं काय वाईट?”

“मामा मेला का तुझा?”

भाच्याने खुर्ची रद्द केली. मी म्हटलं, “अहो, तुम्हीही जा आणि खुर्चीही येऊ दे. कुठे अडतंय?” तर माझ्यावर डोळे काढले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा असा. मग अक्काला फोन लावला आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, “अक्का, गाडीतून उतरलीस की जिथे पाय टेकशील तिथेच उभी राहा. कुणीही येऊ दे, कितीही गोड बोलू दे, हलायचं नाही. मी येतो.”

पलीकडून अक्का म्हणाली, “नाही हलणार. तू ये म्हणजे झालं.” तिला इथली भाषा येत नव्हती. दुसऱ्या कुणाचं काही ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी यांनी दोनदा दाढी केली. कपाटातून कामावरचा निळा कोट काढला, त्याला ब्रश मारला. मी पिशवीत एक शाल आणि थर्मासमध्ये चहा घेतला. निघालो वेळेत, पोचलोही वेळेत. पण हे मला पुढच्या मोठ्या दाराशी नेईनात. बाजूच्या गल्लीत कामगारांचं लोखंडी दार होतं, तिथे घेऊन गेले. दाराशी नवा पहारेकरी, मिसरूडही धड न फुटलेला.

“उघड रे. आत कुणालाही विचार, उंदीर आलाय म्हणून सांग.”

त्याने यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “आजोबा, प्रवाशांचं दार पुढे आहे.”

“मी प्रवासी नाही!”

“कार्ड?”

कार्ड कुठलं असणार? हे तिथेच उभे राहिले. म्हणाले, आपलं कुणीतरी येईलच आता, पाळी बदलायची वेळ आहे. दार दोनतीनदा उघडलं, पण बाहेर आलेल्या माणसांत ओळखीचं कुणी नव्हतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी बाही ओढत होते, अहो चला, गाडी येईल, आणि हे हलत नव्हते. हाताशी होता तो सगळा वेळ त्या दारापाशी गेला.

शेवटी पुढच्या दाराने आत शिरलो, आणि हे थांबले.

यांचा चेहरा मी बघितला. मी पहिल्यांदा आले तेव्हा माझा असाच झाला असणार. डोक्यावर पाट्या, पाट्यांवर आकडे आणि बाण, एक बाण वर, एक खाली, एक तिरपा. चहूबाजूंनी माणसं अंगावर येत होती आणि बाजूने निघून जात होती. भाच्याने फलाटाचा आकडा सांगितला होता, तो मी मोठ्याने म्हटला. “म्हणजे पावाचा,” हे म्हणाले. “माहीत आहे मला.” आणि सरकत्या जिन्याने खाली निघाले. अहो, पाटी वर दाखवतेय, मी म्हटलं. “पावाच्या फलाटावर खालूनच जातात,” म्हणाले. यांच्या आयुष्यात ते खरंच होतं.

खाली तो बाजार. हे उभे राहिले, नाक वर केलं आणि वास घेऊ लागले. पण तिथे प्रत्येक दुसरं दुकान पावाचं! सगळीकडून तोच वास. हे एका वासामागे जायचे, पुढे काचेचं कपाट आणि रांगेत माणसं. परत फिरायचे. छत्र्यांच्या एका दुकानावरून आम्ही गेलो, थोड्या वेळाने पुन्हा त्याच दुकानावरून गेलो, आणि मग पुन्हा. “या लोकांनी सगळं बदलून टाकलंय,” हे पुटपुटत होते. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि गिळलं.

मदतीची खिडकी दिसली तशी मी सरळ रांगेत उभी राहिले. यांनी माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. “मी विचारू? इथे? मी?”

“तुम्ही नका विचारू. मी विचारते.”

“एकच आहे ते.”

तेवढ्यात भिंतीतलं एक दार उघडलं आणि मिशीवाला बाहेर आला. मिशीवाला म्हणजे यांचा जोडीदार, किती वर्षं दोघांनी एका पाळीत खुर्च्या ढकलल्या. आमच्या घरी जेवलेला माणूस. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना बाजारात काही घ्यायचं असावं. मला इतकं हायसं वाटलं! मी हात वर केला. आणि आमच्या या माणसाने मला मागे खेचलं, एका जोड्यांच्या दुकानाच्या खांबाआड नेलं, आणि स्वतः माझ्यामागे लपला.

हो, लपला. श्वास लागला होता, कोटाची बटणं वरखाली होत होती. मी यांना तापात बघितलंय, पाठीच्या दुखण्याने जमिनीवर लोळताना बघितलंय. असं कधी नव्हतं बघितलं. मला भीती वाटली आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. वर अक्का उभी होती. तिची गाडी येऊन किती वेळ झाला होता देव जाणे. मी दंड सोडवून घेतला आणि भर बाजारात ओरडले, “अहो मिशीवाले!”

तो आला. यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. यांना काही विचारलं नाही, एवढी माणुसकी त्याच्यात होती. मी सांगितलं तसं खांद्यावरच्या यंत्रात बोलला. पलीकडून कुणीतरी खरखरत्या आवाजात म्हणालं, हो, एक बाई आहेत, एकट्याच, कुणाला हात लावू देत नाहीत. दोनदा खुर्ची नेली, दोन्ही वेळा हाकलून दिलं. कुठली भाषा बोलतात कळत नाही.

मिशीवाल्याने खुर्चीतल्या गृहस्थांना दुकानाच्या दाराशी बसवलं, त्यांची माफी मागितली, भिंतीतलं दार उघडलं आणि आम्हाला आत घेतलं. आत शिरल्याबरोबर हे पुढे झाले. मिशीवाल्याच्याही पुढे. उजवीकडे, लिफ्ट, बोळ, पुन्हा उजवीकडे, एकदाही अडखळले नाहीत. किती जवळ होतं! मला तिथेच रडू फुटलं.

अक्का फलाटाच्या मधोमध उभी होती. तिची गाडी कधीच गेली होती, त्या जागी दुसरी येऊन माणसं उतरत होती, आणि ती माणसं तिला वळसा घालून जात होती. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. जरा दूर स्टेशनची एक बाई रिकामी खुर्ची घेऊन थांबली होती. मला आधी वाटलं लोक अक्काला वळसा घालताहेत. जवळ गेल्यावर कळलं. तिचे कपडे खालून ओले झाले होते, मोजे, चपला सगळं भिजलं होतं, आणि ते फरशीवर पसरलं होतं. ओलं लागू नये म्हणून माणसं पाय वाचवून चालत होती.

तिने यांना बघितलं. “आलास का रे?” म्हणाली. “मी हलले नाही हो. एवढं मात्र झालं.”

माझं काळीज फाटलं. जिने आख्खा जन्म दुसऱ्याची धुणी धुतली तिने हे म्हणावं, आणि ते अपराध्यासारखं म्हणावं! हे तिच्यापाशी गेले. त्या बाईकडून खुर्ची घेतली, चाक अडवलं, अक्काला धरून बसवलं, गुडघ्यांवर बसून तिचे ओले पाय एकेक करून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवले. हातांना सगळं येत होतं. मान मात्र वर केली नाही.

मी तिला न्हाणीघरात नेऊन पुसलं, धुतलं, खालच्या बाजारातून कपडे आणून घातले, शाल गुंडाळली. लेकीच्या शहराची गाडी चुकली होती. मिशीवाल्याने पुढच्या गाडीत जागा करून दिली. मधल्या वेळात आम्ही तिघं बाकावर बसून चहा प्यालो. इतक्या वर्षांनी भेटलेले बहीणभाऊ. अक्का तेवढी म्हणाली, “वाळलास रे.” मग गाडी आली, यांनी तिला जागेवर बसवलं, पांघरूण नीट केलं, आणि ती गेली.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. “मामी, पोचली गं आई. पण तिने घोळच घातला म्हणे! तिनेच सांगितलं सगळं. मामाने थांबायला सांगितलेली जागा विसरली, भलतीकडेच चालत गेली, आणि मामा बिचारा शोधत फिरला. आणि कपड्यांतच...”

मी यांच्याकडे बघितलं. सगळं ऐकू जात होतं त्यांना. मी म्हटलं, “अगं, असं नाही झालं...” तर यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “वय झालं की होतं असं. तू रागावू नकोस तिला.”

त्या दिवसापासून मी या माणसाशी कामापुरतं बोलू लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून घ्यायचे तरी किती?

पुढचं सगळं सरळ उतारावरून घसरत गेलं. भाचीने अक्काला डॉक्टरकडे नेलं. स्टेशनातली हकीकत ऐकून डॉक्टरने मान डोलावली, ही सुरुवातच असते म्हणाला. त्याने प्रश्न विचारले ते परक्या भाषेत, दुभाषी म्हणून लेक. आज वार कोणता, इथला राजा कोण की प्रधान कोण. अक्काला कुठून ठाऊक असणार? तिला घराबाहेर नेतंय कोण? भाची आणि जावई दिवसभर कामावर. एकटं ठेवणं धोक्याचं, उद्या बाहेर निघून गेली तर, असं ठरलं. विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक जागा असते, दारं बंद असतात, पण फार स्वच्छ असतं सगळं, अक्काला तिथे ठेवलंय, भाची फोनवर रडत रडत सांगत होती.

तो फोन झाल्यावर यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, “जेवण सोडून काय होणार? आता तरी तोंड उघडा.”

आणि उघडलं. यांनी भाचीला फोन लावला. मी समोर बसले होते. काही लपवलं नाही. लोखंडी दार, बाजार, खांब, सगळं सांगितलं. “ती हललीसुद्धा नाही गं. हरवलो मी. माझ्या मेल्याच्या तोऱ्यापायी ती तिथे तशी उभी राहिली. तिला काही झालेलं नाही. तिला घरी आण.”

पलीकडे भाचीचा आवाज अगदी मऊ झाला. “मामा, आई म्हणालीच होती. म्हणाली, तो एक दिवस फोन करेल आणि सगळं स्वतःवर घेईल. फार जीव आहे त्याचा माझ्यावर. तू ऐकू नकोस त्याचं.”

“अगं, खरं सांगतोय मी!”

“हो मामा. खरं.” आजाऱ्याला म्हणावं तसं म्हणाली ती.

हे फोन हातात धरून बसले. “मी कधी घेतलं गं स्वतःवर?” मला म्हणाले. “सगळं तिनेच घेतलं.” कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग फोन मी घेतला, भाचीला पुन्हा लावला, आणि डोळ्यांनी बघितलेलं सगळं तिला पहिल्यापासून सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर नाक ओढलं आणि म्हणाली, “मामी, तुम्ही दोघं किती चांगली आहात गं.”